घाटात काळा धूर सोडणारी पिकअप: इंजेक्टर खोलण्याआधी हवेची वाट तपासा

प्रश्न केजकडच्या एका पिकअपवाल्या भावाचा आहे. गाडी बीएस-४, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारी), टर्बोवाली, १,८०,००० किलोमीटर चाललेली. बीडहून सिमेंट किंवा सरकी पेंड भरून परतताना मांजरसुंब्याचा घाट लागला की मागे काळा लोट उठतो. रिकामी गाडी सपाटीला धूर देत नाही, सकाळी एका चावीत सुरू होते, उभ्या गाडीचा आवाजही पूर्वीसारखाच आहे. अ‍ॅव्हरेज मात्र १३ वरून १० वर आलं. दिवाळीनंतर जिनिंगला कापसाच्या फेऱ्या झाल्या, त्यानंतर हे वाढलं. डिझेल फिल्टर बदलून झाला, एअर फिल्टर हवा मारून साफ केला, फरक पडला नाही. एका गॅरेजने चारही इंजेक्टर (सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणारे) बदलायला सांगितले, दुसऱ्याने पंप. खर्च दोन्हीकडे पन्नास हजारांच्या पुढे. पीयूसीत गाडी पास झाली, मग दोष नक्की कुठे, असं विचारलंय.

भाऊ, इंजेक्टरला आणि पंपाला अजून कुणाला हात लावू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय हवेवर आहे. हवेची तपासणी एका दिवसात आणि फार तर हजार-दोन हजारांत होते. ती झाल्याशिवाय पन्नास हजारांचा निर्णय घेणं योग्य नाही.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी. पांढरा धूर न जळालेल्या डिझेलचा किंवा पाण्याचा असतो, निळा इंजिन ऑइलचा. काळा दिसला की एवढंच ठरतं: सिलिंडरात जितकं डिझेल पडलं तितकं जाळायला हवा पुरली नाही, किंवा डिझेलचा फवारा नीट फुटला नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात बोलायचं तर आपल्या उन्हाळ्यात एका लिटरला किमान दहा घनमीटर हवा, आणि धूर होऊ द्यायचा नसेल तर त्याहूनही निदान पाव हिस्सा जास्त. डिझेल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डिझेल वाढतं. त्याला पुरेल एवढी हवा आत ढकलायचं काम टर्बोचं. म्हणून हवेची वाट कुठेही अडली, फुटली किंवा तापली की सपाटीला काही कळत नाही आणि घाटात सगळं उघडं पडतं.

इथे कुणीही विचारेल की कॉमन रेल गाडीत कॉम्प्युटर आहे, हवा कमी असेल तर त्याने डिझेल कमी करायला नको का? करतो, पण त्याला मिळणारा आकडा खरा असेल तरच. काही गाड्यांत एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या पुढे हवेचा रबरी होस फाटला असेल तर मोजलेली हवा वाटेतच बाहेर जाते आणि कॉम्प्युटर मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो. काही गाड्यांत मॅनिफोल्डवर (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळीवर) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तो दाब सांगतो, पण त्या दाबात ताजी हवा किती आणि ईजीआर व्हॉल्व्हमधून परत आत आलेला जळका वायू किती, हे त्याला कळत नाही. आणि तोच सेन्सर काजळीने भरला असेल तर दाबही चुकीचा सांगतो. मोजलेली हवा आणि प्रत्यक्ष पोचलेली हवा यात जो फरक पडतो त्याचा हा धूर. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन तो फरक सहसा सापडत नाही, कारण न्यूट्रलमध्ये टर्बो पूर्ण दाब बनवतच नाही. तुमची गाडी पीयूसीत पास झाली त्याचंही कारण हेच. ती चाचणी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये रेस देऊन होते. त्यात बीएस-४ डिझेल गाडीला धुराच्या गडदपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. पाऊण-एक टन माल घेऊन चढ चढणाऱ्या इंजिनाची परीक्षा त्यात होत नाही.

आता कामाला लागू. एअर फिल्टर बाहेर काढा. हवा मारून साफ केला म्हणता, पण पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने बाहेरून आत हवा मारली असेल तर धूळ कागदात आणखी रुतली. जोर जास्त असेल तर कागद फाटतोही. आतून बल्ब धरा. उजेड आरपार एकसारखा दिसला पाहिजे. जिथे ठळक ठिपका दिसेल तिथे भोक आहे. मग फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवा. बोटाला माती लागली तर फिल्टर बसतच नाहीये, धूळ थेट आत जातेय, आणि त्या धुळीने टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा दोन्ही झिजतात. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, तिला केसाएवढी फट पुरते. कंपनीच्या पुस्तकात फिल्टरचं जे अंतर दिलेलं असतं ते डांबरी रस्त्याचं समजा. शेतरस्ता, क्रशर, मळणीचं खळं अशा ठिकाणी फिरणाऱ्या गाडीला ते निम्म्यावर आणा. आणि ‘फिल्टर काढून एक फेरी मारून बघ, धूर गेला तर फिल्टर खराब’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नवा फिल्टर टाकून बघा, पैसे तेवढेच जातात आणि टर्बो वाचतो.

फिल्टरच्या डब्याला हवा जिथून येते ते नळीचं तोंडही बघा. महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे उंदराने चिंध्या कोंबलेल्या असतात, कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं. फिल्टर नवा, हवेला रस्ता नाही, अशा गाड्या दर पावसाळ्यानंतर येतात.

त्यानंतर होस. माझ्या मते तुमच्या गाडीत दोष सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून घाई करू नका. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंत रबरी होस आणि क्लिपा असतात. गळती असेल तिथे बाहेरून ऑइलचा ओला डाग आणि त्यावर धूळ बसलेली दिसते, कारण टर्बोमधून थोडी ऑइलची वाफ हवेसोबत जातच असते. होसाची खालची, न दिसणारी बाजू हाताने चाचपा, आरसा धरा. इंजिन थंड असताना करा. चीर बहुतेक वेळा क्लिपच्या कडेला किंवा होस जिथे बॉडीला घासतो तिथे असते. थंड असताना ती मिटलेली राहते आणि दाब आला की ओठ उघडल्यासारखी फाकते. त्यामुळे नुसतं बघून ‘होस ठीक आहे’ असं कुणी म्हटलं तर ते पुरेसं समजू नका.

खात्रीची तपासणी दाबाची. टर्बोच्या तोंडाला नीट बसणारं बूच लावून त्यातून कॉम्प्रेसरची हवा एक बारपर्यंतच सोडायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले तिथे गळती. ही तपासणी प्रेशर रेग्युलेटर असलेल्या ठिकाणीच करा. रेग्युलेटर नसलेल्या कॉम्प्रेसरने बूच सुटून तोंडावर येतं. फिल्टर ते टर्बो हा अलीकडचा होसही दाबून बघा. आतून त्याचा थर सुटला असेल तर ओढ वाढली की तो चपटा होतो आणि हवा गुदमरते, थांबलं की पुन्हा गोल. घाटात तुमच्यासारखीच लक्षणं दिसतात.

इंटरकूलरकडे लक्ष द्यायचं कारण तुमच्या कापसाच्या फेऱ्या. रुईचे तंतू पुढच्या जाळीत अडकतात, त्यावर धूळ बसते, वरून ऑइल किंवा दव, आणि बघता बघता जाळीवर गाळणीत अडकलेल्या सायीसारखा थर धरतो. तुरीच्या, हरभऱ्याच्या मळणीला गेलेल्या गाड्यांत तेच काम भुसा करतो. टर्बोतून निघालेली हवा भराला शंभर अंशांच्या वर सहज जाते. ती इंटरकूलरमध्ये थंड झाली तर दाटते. थंड झाली नाही तर दाब तोच दिसतो पण हवेचं वजन कमी भरतं. त्यातून एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश. इंटरकूलर आणि रेडिएटर दोन्ही आतल्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरची बंदूक जवळून मारली तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. गाडीच्या तापमानाचा काटा घाटात नेहमीपेक्षा वर जात असेल तर हे काम आजच करा.

टर्बो तपासताना त्याच्या थंड बाजूचा होस काढून शाफ्ट दोन बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलला तर घाबरू नका, तो ऑइलच्या थरावर फिरतो. पुढे-मागे हाताला जाणवेल असा हलला, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो गेला. पाती शाबूत आणि शाफ्ट घट्ट असेल तर टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा अ‍ॅक्च्युएटर बघा. त्याची दांडी गंजून अडकते, किंवा त्याच्याकडे जाणारी पेन्सिलएवढी रबरी नळी उन्हाने तडकते. अशी नळी फुटल्यामुळे ‘टर्बो गेला’ म्हणून आख्खा टर्बो बदललेल्या गाड्या मी बघितल्यात. टर्बोच्या आधीचा एक्झॉस्टचा जोडही बघायचा. तिथे गॅस्केटमधून काजळी फुटलेली दिसली तर टर्बोला फिरवणारा वायू बाहेर जातोय.

ईजीआरला माझ्या यादीत होसानंतरचं स्थान आहे. हा व्हॉल्व्ह हलक्या लोडला थोडा जळका वायू परत आत सोडतो. पूर्ण लोडला तो बंद असायला हवा. काजळीने उघडाच अडकला तर घाटात सिलिंडरात हवेच्या जागी धूर भरतो. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर तपासणी सोपी: त्याची व्हॅक्यूम नळी काढा, नळीचं तोंड बंद करा आणि तोच लोड घेऊन एक चढ चढा. धूर एकदम कमी झाला तर नियंत्रणात दोष आहे. काहीच फरक नसेल तरी व्हॉल्व्ह यांत्रिकपणे अडकलेला असू शकतो, तेव्हा काढून बघावाच लागेल. कार्बन क्लीनरने साफ करा, पातळ ब्रश वापरा, गॅस्केट नवी टाका. मॅनिफोल्डच्या तोंडात काजळी आणि ऑइलचा चिकट थर बोटभर साचलेला असेल तर तोही काढून घ्या. काहीजण पत्रा ठोकून ईजीआर कायमचा बंद करून देतात. ते करू नका. चेक लाइट लागते, कॉम्प्युटर ताकद कापतो, आणि प्रदूषण नियंत्रणाचा भाग काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही.

एवढं झाल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावा, त्याआधी नको, कारण स्कॅनरने आकडे मिळतात, फाटलेला होस त्याला दिसत नाही. लावताना आधीचे दोषाचे कोड लगेच पुसू देऊ नका, लिहून घ्या. मग चावी चालू, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचा आकडा वाचा. मुंबईला तो शंभराच्या आसपास किलोपास्कल दिसतो. बीड-केजची उंची पाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून इकडे ९५ च्या जवळपास यायला हवा. ८५ किंवा ११० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, काढून इलेक्ट्रॉनिक क्लीनरने धुवा. त्यानंतर स्कॅनर लावून लोडसकट घाटात जा, एक माणूस बाजूला बसवा. कॉम्प्युटरने मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर, या चार आकड्यांत सगळं उत्तर आहे. बूस्ट मागे पडत असेल तर हवेचं काम अजून बाकी आहे. बूस्ट बरोबर येऊनही धूर असेल, तेव्हाच डिझेलकडे वळायचं.

डिझेलच्या बाजूने एक गैरसमज आधी काढतो. डिझेल फिल्टर तुंबला तर डिझेल कमी मिळतं, गाडी ओढत नाही, पण त्याने काळा धूर होत नाही. तो बदललात ते इंजेक्टरच्या आयुष्यासाठी चांगलं झालं, या तक्रारीचं ते औषध नव्हतं. हायप्रेशर पंपाचंही तसंच. पंप अशक्त झाला तर सुरू व्हायला त्रास होतो, रेल प्रेशर पडतं. तुमची गाडी एका चावीत सुरू होते, म्हणून पंप बदलायचं कारण मला दिसत नाही.

इंजेक्टर मात्र दोषी असू शकतो, आणि त्याची खूण वेगळी असते. नोझल (इंजेक्टरचं फवारा मारणारं टोक) टपकत असेल तर धूर रिकाम्या गाडीलाही, उभ्या इंजिनालाही येतो, त्या सिलिंडरात ठोका ऐकू येतो, आणि ऑइलची पातळी डिपस्टिकवर हळूहळू वाढते, कारण डिझेल खाली उतरतं. अशी गाडी चालवत राहू नका, पिस्टन वितळतो. चार बाटल्या लावून रिटर्नचं, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणारं, डिझेल मोजण्याची तपासणी सगळीकडे होते. ती चांगली आहे, पण तिने फक्त आतल्या व्हॉल्व्हची झीज कळते. टपकणारं नोझल त्यात नापास होईलच असं नाही. त्यासाठी इंजेक्टर तपासणीच्या बेंचवरच चढवावा लागतो. प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्युटर डिझेल किती कमी-जास्त करतोय, तो आकडाही स्कॅनरवर दिसतो. तीन सिलिंडर शून्याच्या आसपास आणि एक भलतीकडे असेल तर एकच इंजेक्टर काढा, चार नको.

आणि एक जिवाची गोष्ट. जुन्या पंपाच्या इंजिनात एकेका नोझलचा पाइप ढिला करून ‘कोणता सिलिंडर मरतोय’ बघायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती चालू इंजिनात कधीही करायची नाही. उभ्या इंजिनालाही रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार दाब असतो, लोडला हजाराच्या कितीतरी वर. ती बारीक धार कातडी भेदून हातात शिरते, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मांस सडतं. असं कुणाला लागलं तर दुखत नसलं तरी तासाभरात मोठ्या दवाखान्यात न्या. गळती शोधायला हात नको, पुठ्ठा फिरवा.

जुन्या पंपाच्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: हवेचं काम आधी हेच, नंतर नोझलचा दाब आणि फवारा बेंचवर, मग पंपाचं टायमिंग आणि टप्पेट. ताकद वाढावी म्हणून पंपाचा सील केलेला स्क्रू फिरवून घेतला असेल तर तो परत बेंचवरच जागेवर आणा. बीएस-६ पिकअपच्या शेपटातून काळा धूर दिसूच नये, कारण काजळी धरणारा डीपीएफ तिथे आहे. दिसत असेल तर तो फुटलाय किंवा कुणीतरी रिकामा केलाय.

गाडीवरचा भार आणि चालवण्याची पद्धतही सोडू नका. बरेच ड्रायव्हर डिझेल वाचेल म्हणून चढाला तिसऱ्यावर गाडी रेटतात, आरपीएम पडलेला, पाय तळाला. त्या वेळी टर्बो फिरत नाही आणि डिझेल पूर्ण पडतं. गिअर आधी उतरवा, धूर निम्मा तिथेच कमी होतो. फेरीनंतर चारही चाकांच्या हबजवळ हात न टेकवता उष्णता बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहतोय आणि इंजिन ते ओझं विनाकारण ओढतंय. अ‍ॅव्हरेज तीनने पडायला एवढंही पुरतं. क्षमतेपेक्षा माल जास्त भरायची सवय असेल तर दुरुस्तीनंतरही थोडा धूर राहील, त्याला इंजिनाचा दोष म्हणता येणार नाही.

हे सगळं मी खर्च वाचावा एवढ्यासाठी लिहीत नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट जाहीर केलं. घाटात तुमच्या मागे मोटारसायकलवर लेकराला पुढे बसवून चढणारा माणूस तो लोट नाकातोंडात घेतो. तुम्ही स्वतःहून विचारलंत याचं मला बरं वाटलं.

दुरुस्तीची खात्री करताना वजन, घाट आणि गिअर तेच ठेवा. मोबाइलवर मागून व्हिडिओ काढा, आधीचा आणि नंतरचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही. शेवटी इंजेक्टर काढायची वेळ आलीच तर बेंचवर स्वतः उभे राहा, प्रत्येक इंजेक्टरचा आयडलला, मध्यम लोडला आणि पूर्ण लोडला आलेला आकडा छापील घ्या. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच टाकायला सांगा. जुना टाकला तर तिथून ‘फस फस’ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो, पुढच्या वेळी तो निघता निघत नाही. नवीन इंजेक्टर असेल तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरून घ्या. धूर थांबल्यावर इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर किलोमीटर न बघता बदला. इतके महिने काजळी त्या ऑइलमध्ये मुरलीय, आणि टर्बोचा शाफ्ट त्याच ऑइलवर फिरतो.